काशी कशी पाहावी : जाताना होडीने, येताना पायी

काशीला जाणाऱ्या मराठी प्रवाशाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. प्रयाग, काशी आणि गया ही त्रिस्थळी, तिला अलीकडे जोडलेली अयोध्या, आणि या सगळ्याला मिळून आठवडाभराची रजा. त्यात काशीच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. पहिल्या संध्याकाळी दशाश्वमेध घाटावरची आरती, दुसऱ्या पहाटे विश्वनाथाचे दर्शन, दुपारी सारनाथची धावती फेरी आणि रात्रीची गाडी. एवढ्यात दर्शन पदरात पडते, पण शहर पाहून होत नाही. माझे आग्रहाचे सांगणे असे की काशीला निदान तीन पूर्ण दिवस द्यावेत, प्रत्येक दिवसाची पहाट नदीसाठी राखून ठेवावी आणि घाटांची ओळ मणिकर्णिकेच्या पुढे, पंचगंगा घाटापर्यंत पाहावी.

उत्तरेकडचा हा भाग मुद्दाम सांगावा लागतो, कारण बहुतेक यात्रेकरू मणिकर्णिकेपासूनच मागे फिरतात. मराठी माणसाला ओळखीच्या वाटतील अशा खुणा मात्र तिथून पुढेच दाट होत जातात. ग्वाल्हेरचे शिंदे, नागपूरचे भोसले, औंधचे पंतप्रतिनिधी आणि पेशव्यांच्या आश्रयातले वैदिक यांनी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इथे घाट, देवळे व वाडे बांधले. आज छायाचित्रांत दिसणारा काशीचा दगडी नदीकाठ बऱ्याच अंशी त्याच काळात उभा राहिलेला आहे. काशीशी आपले नाते त्याहून जुने आहे. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केली, आणि १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचे असले तरी त्यांचे घराणे मूळचे पैठणचे होते.

केव्हा जावे आणि कुठे उतरावे

दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ काशीसाठी चांगला मानतात, पण त्यातही फरक करायला हवा. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारी संपेपर्यंत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते, गाड्या कित्येक तास उशिरा धावतात आणि पहाटेच्या होडीतून सूर्य तर नाहीच, पण समोरचा घाटही कधीकधी दिसत नाही. म्हणून नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे दोन महिने मला सर्वांत योग्य वाटतात. मे-जूनमध्ये लू वाहते आणि सकाळी आठनंतर घाटाचा दगड पायाला सोसवत नाही. पावसाळ्यात नदी चढली की खालचे घाट एकापाठोपाठ एक पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याची वाट बंद होते आणि नावांनाही मनाई केली जाते. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर कंबरभर गाळ साचलेला असतो व पंपाच्या पाण्याने तो धुऊन काढण्याचे काम पुढे कित्येक दिवस चालते. त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास जायचे असेल, तर घाट मोकळे झाले आहेत का, एवढी चौकशी उतरायच्या ठिकाणी करूनच आरक्षण करावे.

मुंबईहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटणारी महानगरी एक्सप्रेस थेट वाराणसीला जाते. तिकीट काढताना स्थानकाचे नाव नीट पाहावे. वाराणसी जंक्शन, ज्याला तिथले लोक कँट म्हणतात, हे मुख्य स्थानक आहे. बनारस या नावाचे दुसरे स्थानक म्हणजे पूर्वीचे मंडुआडीह. पूर्वीचे मुगलसराय, म्हणजे आताचे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, हे गंगेच्या पलीकडे आहे आणि तिथून शहरात यायला रस्त्यावरच्या गर्दीप्रमाणे तासभर किंवा जास्तही लागू शकतो. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे.

उतरण्याच्या जागेचा विचार सोबत कोण आहे त्यावरून करावा. दशाश्वमेध, चौक किंवा मणिकर्णिकेच्या मागच्या गल्ल्यांत राहिले, तर जुने शहर अगदी दाराशी असते. पण तिथे कोणतेही वाहन जात नाही. गोदौलिया चौकाच्या आसपास रिक्षा सोडावी लागते आणि तिथून सामान उचलून, गायी-बैलांना आणि दुचाकींना वाट देत चालावे लागते. गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील, तर अस्सी घाटाच्या परिसरात उतरावे, कारण तिथे रिक्षा जवळजवळ दारापर्यंत येते आणि घाटाच्या पायऱ्याही तुलनेने कमी चढाच्या आहेत. नदीकाठच्या जुन्या इमारतींतल्या लॉजमध्ये उद्वाहन नसते आणि गंगा दिसणारी खोली नेमकी तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावर असते, हे आरक्षणाच्या आधीच विचारून घ्यावे.

पहिली पहाट : होडीने उत्तरेकडे

काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि सगळे शहर तिच्या पश्चिम काठावर वसले आहे. समोरचा पूर्व काठ म्हणजे मोकळी वाळू. त्यामुळे सूर्य पाण्यापलीकडे उगवतो, त्याचे पहिले ऊन सरळ घाटांवर पडते आणि दुपार कलली की घाट सावलीत जातात. घाट चौऱ्याऐंशी मोजले जातात. दक्षिणेला अस्सी आणि उत्तरेला राजघाटाच्या पुलापलीकडे आदिकेशव ही त्यांची दोन टोके आहेत. ही दिशा एकदा मनात पक्की बसली की गल्लीत वाट चुकली तरी चिंता राहत नाही, कारण उताराची कोणतीही वाट शेवटी नदीवर येते.

पहिल्या दिवशी उजाडण्यापूर्वी अस्सी घाटावर यावे. तिथे २०१४ पासून ‘सुबह-ए-बनारस’ या नावाने रोज पहाटे मंत्रपठण, गंगेची आरती आणि त्यानंतर शास्त्रीय गायन-वादन होते. संध्याकाळच्या दशाश्वमेधच्या आरतीपेक्षा मला हा उपक्रम अधिक भावतो. बसायला जागा मिळते, ध्वनिक्षेपकाचा आवाज बेताचा असतो आणि नव्या उमेदीचे कलाकार इथे मन लावून गाताना ऐकायला मिळतात. आरती संपली की तिथूनच होडी घ्यावी आणि प्रवाहाबरोबर उत्तरेला, पंचगंगा घाटापर्यंत जावे. परतीचा प्रवास होडीने करू नये. पंचगंगेला उतरून पायऱ्या-पायऱ्यांनी चालत अस्सीकडे परत यावे. अशाने तोच काठ एकदा दुरून, सलग, कोवळ्या उन्हात दिसतो आणि एकदा अगदी जवळून, प्रत्येक देवळापाशी थांबत पाहता येतो.

होडी ठरवताना चार गोष्टी तोंडी पक्क्या कराव्यात. भाडे माणशी नव्हे, तर सगळ्या होडीचे सांगा म्हणावे. कुठून कुठपर्यंत जायचे ते घाटाच्या नावाने सांगावे. वेळ किती लागेल आणि वाटेत होडी थांबवणार का, हे विचारावे. शेवटी, अंगात घालायची जीवरक्षक जाकिटे आहेत ना, ते पाहूनच पाय टाकावा. यंत्राच्या मोठ्या नावा स्वस्त पडतात, पण त्या काठापासून दूर आणि घाईने जातात. हाताने वल्हवायची होडी मिळाली तर दोन पैसे जास्त देऊनही तीच घ्यावी. वल्हवणारे निषाद समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर आहेत. कोणत्या घाटाला कोणती पायरी कोणत्या महिन्यात उघडी पडते हे त्यांच्याकडून ऐकावे. देवळांच्या वर्षांच्या बाबतीत मात्र त्यांच्या सांगण्यावर विसंबू नये.

परतीची वाट

पंचगंगा घाट उंच आणि उभ्या चढाचा आहे. वर औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद दिसते, जी जुन्या बिंदुमाधव मंदिराच्या जागेवर उभी राहिली, आणि तिच्या शेजारच्या गल्लीत पुढे पंतप्रतिनिधींनी बांधविलेले आजचे बिंदुमाधवाचे साधे, घरासारखे मंदिर आहे. रामानंदांचा श्रीमठ आणि तैलंग स्वामींचा मठ याच परिसरात आहेत. पहाटेच्या अंधारात याच पायऱ्यांवर रामानंदांचा पाय कबीरांना लागला आणि त्यांच्या तोंडून निघालेला रामनामाचा उच्चार कबीरांनी गुरुमंत्र मानला, अशी कथा सांगतात. घाटावरचा दगडी दीपस्तंभ अहल्याबाई होळकरांनी उभारलेला म्हणून दाखवला जातो.

कार्तिक महिन्यात गेलात, तर एक संध्याकाळ इथेच काढावी. घाटाच्या काठाला उंच बांबू रोवलेले असतात. बांबूच्या वरच्या टोकाला दोरी ओवलेली असते आणि दोरीला वेताची लहान, झाकणाची टोपली बांधलेली असते. दिवेलागणीला घरची माणसे टोपलीत मातीची पणती ठेवतात, वाऱ्याने विझू नये म्हणून झाकण सारखे करतात आणि दोरी हळूहळू ओढत टोपली वर चढवतात. पितरांसाठी लावलेले हे आकाशदीप महिनाभर रोज चढवले जातात. कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीला सर्व घाटांवर लाखो पणत्या लागतात आणि तो सोहळा डोळे भरून पाहण्यासारखा असतोच, पण त्या रात्री घाटावर पाऊल ठेवायलाही जागा नसते आणि खोल्यांचे दर कित्येक पटींनी वाढलेले असतात. त्याच महिन्यातल्या एखाद्या साध्या तिथीला पंचगंगेवर तीस-चाळीस माणसांत बसून आकाशदीप पाहणे मला अधिक मोलाचे वाटते.

पंचगंगेच्या लगतच उत्तरेला दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट आहेत. दक्षिणेकडे निघण्यापूर्वी तिथवर जाऊन यावे. गोदाकाठच्या कायगावाहून काशीला आलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांच्या नावाशी हे घाट जोडलेले आहेत आणि त्यांच्या मागच्या गल्ल्या हा काशीतल्या मराठी घरांचा जुना मोहल्ला आहे. दारावरच्या पाट्या वाचत चालले, तर आपल्याकडची आडनावे अजून भेटतात.

मग दक्षिणेकडे वळावे. लगेच बालाजी घाट येतो. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी लहानपणी आपल्या मामांच्या हाताखाली सनईचा रियाज केला तो इथल्या बालाजी मंदिराच्या परिसरात. पुढे रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे आणि सकाळच्या वेळी आतून वेदपठणाचा आवाज पायऱ्यांपर्यंत येतो. भोसले घाट नागपूरकर भोसल्यांचा. त्याची दगडी भिंत किल्ल्याच्या तटासारखी सरळ वर चढते आणि तिच्यातल्या छोट्या खिडक्यांखाली मागच्या पुरांच्या खुणा दिसतात.

शिंदे घाटाला, ज्याला तिथे सिंधिया घाट म्हणतात, थोडा वेळ द्यावा. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी इथे फार मोठे बांधकाम करविले, पण दगडाचा भार काठाला पेलला नाही आणि बराच भाग खचला. विसाव्या शतकात तो पुन्हा बांधण्यात आला. घाटाच्या दक्षिण टोकाला, मणिकर्णिकेच्या सीमेवर, रत्नेश्वर महादेवाचे मंदिर एका बाजूला कललेले आहे. वर्षाचे बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात किंवा गाळात असतो, त्यामुळे आत जाता येईल असे धरून चालू नये. याच बायजाबाईंनी विश्वनाथ मंदिराच्या आवारातल्या ज्ञानवापी विहिरीवर १८२८ मध्ये दगडी खांबांचा मंडप बांधविला होता.

मणिकर्णिकेवर चिता अखंड जळत असतात. इथे छायाचित्र काढू नये, चित्रफीत तर मुळीच नाही. तिथे आपल्या माणसाला पोहोचवायला आलेली घरे असतात, आणि एवढे भान पुरेसे आहे. कोणी जवळ येऊन ‘वरच्या गच्चीवरून नीट दिसेल, चला’ म्हणाले, किंवा मरणाची वाट पाहणाऱ्या निराधार वृद्धांच्या लाकडासाठी दान मागितले, तर हात जोडून पुढे निघावे. गच्चीवर नेऊन मोठ्या रकमेसाठी अडवून धरण्याचा हा जुना प्रकार आहे. घाटाच्या वरच्या अंगाला लाकडांच्या वखारी आणि तराजू लागतात. तिथून वाट अरुंद आहे आणि प्रेतयात्रा येत असल्या तर भिंतीला लागून उभे राहून त्यांना आधी जाऊ द्यावे.

ललिता घाटावरचे नेपाळी मंदिर फारसे कोणी पाहत नाही. ते आवर्जून पाहावे. लाकडी कोरीवकामाचे, दुहेरी छपराचे हे मंदिर काशीच्या दगडी गर्दीत एकदम वेगळे उठून दिसते. त्यानंतर मानमंदिर घाट. आमेरच्या राजा मानसिंगांच्या या महालाच्या गच्चीवर सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात वेधशाळा बांधली. जयपूर आणि दिल्लीची जंतरमंतरे पाहिलेल्यांना ही लहान वाटेल, पण सम्राट यंत्राच्या पायऱ्यांशी उभे राहिले की खालची गंगा आणि यंत्राची उत्तर दिशा एकाच रेषेत कशी येतात ते इथेच समजते. महालाचा उत्तरेकडचा दगडी झरोकाही चुकवू नये.

दशाश्वमेधला संध्याकाळची आरती पाहायची असेल, तर निदान तासभर आधी येऊन पायऱ्यांवर जागा धरावी. होडीतून आरती समोरून दिसते, पण पुढे नावांच्या रांगा लागल्या की मागच्या नावेतून दिव्यांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. लगतचा अहल्याबाई घाट, मग दरभंगा आणि राणामहाल हे घाट ओलांडले की पेशवे घराण्यातल्या अमृतरावांच्या नावाशी जोडलेला राजाघाट येतो. पुढे केदारघाट. पांढऱ्या आणि लाल पट्ट्यांच्या पायऱ्यांवरून तो लांबूनही ओळखू येतो. आजूबाजूला तमिळ व तेलुगू वस्ती असल्यामुळे सकाळी इथे इडली आणि फिल्टर कॉफीही मिळते. हरिश्चंद्र घाट हा दुसरा स्मशानघाट. चेतसिंग घाटावरचा किल्ला १७८१ मध्ये राजा चेतसिंग आणि वॉरन हेस्टिंग्ज यांच्यातल्या संघर्षाचा साक्षीदार आहे. तुळशी घाटाच्या वर भदैनीत लोलार्क कुंड आहे. ते खोल, अरुंद आणि उभ्या पायऱ्यांचे आहे, आणि एरवी अगदी शांत असते. तिथून जवळच झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान आहे. दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची ही मुलगी काशीत जन्मली म्हणून तिचे नाव मणिकर्णिका ठेवले गेले. आता तिथे तिचा पुतळा आणि स्मारक आहे. सगळी वाट मिळून पाच किलोमीटरच्या आत-बाहेर होते, पण थांबत चालले तर चार तास सहज जातात.

विश्वनाथाचे दर्शन

आजचे विश्वनाथ मंदिर अहल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधविले आणि त्याच्या शिखरांसाठी महाराजा रणजितसिंगांनी सोने दिले. १३ डिसेंबर २०२१ रोजी मंदिरापासून गंगेपर्यंतचा नवा प्रशस्त परिसर खुला झाला आणि ललिता घाटाच्या बाजूने थेट नदीवरून आत येता येऊ लागले. परिसरात अहल्याबाईंचा पुतळा आहे. गर्दीत ढकलले जाण्यापूर्वी तिथे थांबून नमस्कार करावा.

मोबाईल, कॅमेरा, मनगटावरचे स्मार्ट घड्याळ, इअरफोन यांपैकी काहीही आत नेता येत नाही, त्यामुळे सगळे खोलीवरच ठेवून जावे. बाहेरचे फुलवाले फुकट लॉकर देतात, पण त्यापायी शेकडो रुपयांची पूजेची टोपली घ्यावी लागते. सोमवार, श्रावण, महाशिवरात्र आणि सलग सुट्ट्या टाळाव्यात. मंगळवार ते गुरुवारपैकी एखाद्या दिवशी भल्या पहाटे किंवा रात्री नऊनंतर रांग बरीच कमी असते. मंगला आरती आणि सुगम दर्शन यांची आरक्षणे मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावीत. गल्लीत ‘लगेच आत नेतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. काळभैरव हा काशीचा कोतवाल, म्हणून त्याचे दर्शन घेण्याचा प्रघात आहे, आणि विश्वनाथाच्या शेजारच्या अन्नपूर्णेचे मंदिर पेशवाईच्या काळात बांधलेले आहे. तिची सोन्याची मूर्ती फक्त धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंतच पाहायला मिळते.

सारनाथ आणि इतर

सारनाथ शहरापासून दहा किलोमीटरवर आहे. तिथले पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते, आणि संग्रहालयाशिवाय सारनाथ अर्धेच राहते. म्हणून शुक्रवार सोडून, सकाळी ते उघडताच पोहोचावे. दालनात शिरताच समोर अशोकाचे सिंहशीर्ष आहे, म्हणजे आपल्या राजमुद्रेचे मूळ. नोटेवर रोज पाहिलेली ही आकृती प्रत्यक्षात दोन मीटरहून उंच आहे. तिच्या जवळ जाऊन बाजूने प्रकाश पडतो तिथून पाहावे. चुनारच्या वालुकाश्मावर बावीसशे वर्षांनंतरही अशी झिलई आहे की सिंहाच्या आयाळीच्या बटांवर खिडकीचा उजेड सरकताना दिसतो. चारही सिंहांखालच्या पट्ट्यावर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह आहेत. त्यातले नोटेवर न दिसणारे प्राणी फिरून शोधावेत. मग बाहेर उत्खननाच्या आवारात जाऊन त्याच स्तंभाचा उरलेला बुंधा आणि त्यावरचा ब्राह्मी लेख पाहावा. संघात फूट पाडणाऱ्यांना दिलेला इशारा त्यात कोरलेला आहे. धामेक स्तूपावरचा गुप्तकालीन नक्षीचा पट्टा अर्धवट राहिलेला आहे. स्तूपाला प्रदक्षिणा घातली की कोरणाऱ्यांचे हात कुठे थांबले ते दिसते. मूलगंधकुटी विहार १९३१ मध्ये खुला झाला आणि त्यातली भित्तिचित्रे जपानी चित्रकार कोसेत्सु नोसू यांची आहेत.

तिसऱ्या दिवशी काशी विद्यापीठाच्या आवारातले भारतमाता मंदिर पाहावे. १९३६ मध्ये गांधीजींच्या हस्ते खुल्या झालेल्या या मंदिरात मूर्ती नाही. संगमरवरात उठावाने कोरलेला अखंड भारताचा नकाशा आहे. ते उभारणाऱ्या शिवप्रसाद गुप्तांना ही कल्पना सुचली ती पुण्यात महर्षी कर्व्यांच्या आश्रमात जमिनीवर तयार केलेला तसा नकाशा पाहून. याच गुप्तांनी काढलेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे काशीतल्या मराठी घरातले होते. मैदागिनजवळ त्यांच्या नावाचे भवन आहे. बनारस हिंदू विद्यापीठातले भारत कला भवन लघुचित्रांसाठी दोन तास देऊन पाहावे असे आहे, मात्र विद्यापीठाच्या सुट्टीच्या दिवशी ते बंद असते. रामनगरचा किल्ला एरवी घाईत पाहिला तरी चालेल. अनंत चतुर्दशीपासून महिनाभर तिथे रामलीला असते, तेव्हा मात्र जावेच. ध्वनिक्षेपकाशिवाय, गावभर पसरलेल्या वेगवेगळ्या जागी ही लीला होते आणि प्रेक्षकही तिच्यामागून चालत जातात.

खाणे आणि साडी

सकाळी कचोरी-भाजी आणि जिलेबी, संध्याकाळी टोमॅटोची चाट, वर मगही पान, एवढे कोणीही सांगेल. थंडीत गेलात तर चौक, ठठेरी बाजार, चौखंभा या भागात सकाळी मलइयो शोधावे. आटवलेले दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे ते घुसळून वरचा फेस काढत जातात आणि त्यात केशर-वेलची घालून मातीच्या कुल्हडात देतात. तोंडात घालताच तो फेस विरतो आणि मागे फक्त दुधाची चव राहते. शेवटी त्याच कुल्हडात थोडे केशरी दूध ओतून देतात, ते सोडू नये. ऊन वाढले की फेस बसतो, म्हणून नऊच्या आत जावे.

बनारसी साडी पहिल्या दिवशी घेऊ नये आणि रिक्षावाल्याने नेलेल्या दुकानात तर कधीच घेऊ नये, कारण त्याचे कमिशन किमतीत धरलेले असते. साडी दाखवली की आधी उलटी करून पाहावी. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणलेली असते, त्यामुळे मागे लोंबते धागे नसतात. फेकवा विणीत जरीचा धागा काठापासून काठापर्यंत जातो आणि मधले धागे नंतर कापतात, म्हणून मागे कापलेली टोके हाताला लागतात. कढुआ महाग असणे रास्त आहे, कारण तिला माणसाचे कित्येक आठवड्यांचे श्रम लागतात. हातमागाच्या साडीच्या किनारीला ताणासाठी लावलेल्या टाचण्यांची बारीक छिद्रेही बहुधा सापडतात. बनारसी विणकामाला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. दुकानदाराला हातमागाचे चिन्ह दाखवायला सांगावे आणि बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असे लिहून घ्यावे. मदनपुरा आणि पीलीकोठी या विणकरांच्या वस्त्यांत ओळखीने जाता आले, तर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला कारागीर पाहता येतो आणि मग किमतीबद्दल घासाघीस करताना हात आपोआप आखडतो.

घरी मावंदे घालायचे असेल, तर गंगेचा गडू काशीतून भरलेला आणि झाळलेलाच घ्यावा. दशाश्वमेधच्या गल्लीत तांब्याचे लहान गडू मिळतात. आपण घाटावर भरून आणलेले पाणी डोळ्यांदेखत झाळून घेता येते. झाळल्यावर गडू पाच मिनिटे उपडा धरून गळतो का ते पाहावे. विमानाने परतणार असाल, तर तो हातातल्या पिशवीत न ठेवता प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमा करायच्या सामानात, कपड्यांच्या मधोमध ठेवावा.